जुन्या गाडीच्या नव्या रंगाची चकाकी कशी उतरवायची

जुन्या गाड्यांच्या रॅलीत एखादी गाडी दहा पावलांवरूनच खटकते. पत्रा सरळ असतो, क्रोम नवं असतं, रंगाची छटाही बरोबर असते, पण गाडी खरी वाटत नाही. जवळ जाऊन पाहिलं तर बहुतेक वेळा दोष एकच निघतो, रंगाला नको तेवढी चकाकी आहे. साठच्या दशकातल्या फिएटवर आजच्या एसयूव्हीची लकाकी चढवलेली असते. बॉनेट उघडलं की आतही तीच, चॅसिसही तसाच चमकतो, स्टीअरिंगचा दांडासुद्धा. कारखान्यातून गाडी अशी कधीच बाहेर पडली नव्हती.

पहिल्यांदाच जुनी गाडी उभी करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. रंगकाम बहुधा तुम्ही स्वतः करणार नाही, पेंटरकडून करून घ्याल. तरीही काय मागायचं आणि ते कसं तपासायचं हे मालकाला ठाऊक हवं. ‘जरा कमी चमकवा’ एवढंच सांगितलं तर पेंटर मान डोलावतो आणि सवयीप्रमाणे आरशासारखा रंग काढून देतो. त्यात त्याची चूक नाही, उभं आयुष्य लोकांनी त्याच्याकडे चमकच मागितलेली असते. उदाहरण म्हणून मी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फिएट ११०० किंवा पद्मिनी डोळ्यांपुढे ठेवली आहे, कारण महाराष्ट्रात हौशी माणसाच्या हाती लागणारी जुनी गाडी बहुधा तीच असते. अँबॅसिडर किंवा महिंद्राची जीप असली तरी पद्धत बदलत नाही.

नवा रंग वेगळा का दिसतो

त्या काळी गाड्यांवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा सिंथेटिक इनॅमल असे. दोन्हींत रंग आणि वरचा थर एकच. लॅकर हे त्यातला थिनर उडून वाळतं, थर पातळ बसतो आणि फवारणीच्या गनमधून निघाल्यावर ते मंदच दिसतं. त्याची चमक हाताने घोटून काढावी लागे. इनॅमल नवं असताना बऱ्यापैकी चमकतं, पण उन्हात राहून लवकर मावळतं.

आज गॅरेजमध्ये गाडी दिली की आधी बेस कोट मारतात आणि त्यावर हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घातलेला पारदर्शक क्लिअर. क्लिअरचा थर साधारण ४० ते ६० मायक्रॉनचा असतो. प्रकाश त्यातून आत जाऊन रंगावरून परततो, त्यामुळे रंगाला खोली येते. जुन्या गाडीवर डोळ्याला खटकते ती चमकेइतकीच ही खोली.

म्हणून पहिली पायरी रंग विकत घेण्याआधीची आहे. साधा, मेटॅलिक नसलेला रंग असेल तर क्लिअर मारूच नका. सिंगल स्टेज टू-के पीयू (पॉलियुरेथेन) घ्या, म्हणजे रंगातच हार्डनर मिसळून मारायचा प्रकार. हाही सुरुवातीला क्लिअरइतकाच चमकतो, चकाकी मोजायच्या मीटरवर फारसा फरक दिसणार नाही. पण खोली नसते, आणि पुढे चकाकी उतरवायला तो सोपा जातो. पेंटर म्हणेल, ‘साहेब, क्लिअरशिवाय टिकणार नाही.’ चांगल्या कंपनीचा सिंगल स्टेज पीयू व्यवस्थित टिकतो. ट्रक आणि बस वर्षानुवर्षं त्यावरच धावत आहेत.

कुणी अस्सल एनसी लॅकरच मारायचं म्हणेल. हौस म्हणून मारा, पण पेट्रोलचा ओघळ पडला की डाग, उन्हात तडे, आणि दर काही महिन्यांनी घोटणं हे सगळं बरोबर येतं. रोजच्या रोज रस्त्यावर काढायच्या गाडीला मी तो सल्ला देणार नाही.

चकाकी म्हणजे नेमकं काय

गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो, तो डोळ्यात आला की चमक दिसते. पृष्ठभागावर अगदी बारीक खडबडीतपणा असला की तोच प्रकाश चहूबाजूंना विखुरतो आणि पृष्ठभाग मंद दिसतो. नवं स्टीलचं ताट आणि दहा वर्षं काथ्याने घासलेलं ताट, दोन्हींचा धातू एकच असतो. रंगाचंही तसंच आहे. चकाकी कमी करायची म्हणजे हा बारीक खडबडीतपणा आणायचा. तो आणायचे रस्ते दोन. वाळलेला रंग वरून घासायचा, किंवा रंगातच असं काही मिसळायचं की वाळताना तो आपोआप खडबडीत होईल.

मोजायला ग्लॉसमीटर मिळतो. खिशात मावेल एवढं यंत्र, साधं मॉडेल काही हजार रुपयांत ऑनलाइन येतं. एक ठरावीक काळी घोटीव काच १०० धरून मोजणी होते. नेहमीची मोजणी ६० अंशांच्या कोनातून करतात. ती ७० च्या वर गेली तर २० अंशांतून आणि १० च्या खाली आली तर ८५ अंशांतून मोजतात. नव्या मोटारीचा रंग ६० अंशांवर ८५ ते ९५ च्या आसपास येतो.

मीटर नसेल तर वर्तमानपत्र घ्या. मोठ्या मथळ्याचं पान पत्र्यापुढे उभं धरा आणि प्रतिबिंबात अक्षरं वाचता येतात का ते बघा. एक फूट मागे नेलं तरी स्पष्ट वाचता आलं तर आजची चकाकी. वीतभर अंतरावर अक्षरं विरघळायला लागली तर जुन्या गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला साजेशी. फक्त उजेड-अंधार कळला तर ते सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकीचं, किंवा त्याहून मंद. ही ढोबळ चाचणी आहे, पण दोन पत्र्यांची तुलना करायला पुरते. मात्र रंगावर संत्र्याच्या सालीसारखी पोत आली असेल तर अक्षरं वेडीवाकडी होतात आणि चकाकी कमी असल्याचा भास होतो. ती चकाकी कमी नसते, रंग वाईट बसलेला असतो. तसा रंग मंद केला तर तो वाईट बसलेला मंद रंगच होईल.

आधी मूळ नमुना शोधा

किती उतरवायचं हे इंटरनेटवरच्या फोटोंवरून ठरवू नका. फोटोत चकाकी कळत नाही, कॅमेऱ्याच्या फ्लॅशने सगळंच चमकतं. उत्तर बहुतेक वेळा गाडीतच लपलेलं असतं. गाडी खोलताना या जागा बघा: डॅशबोर्डच्या मागचा पत्रा, ग्लोव्ह बॉक्सच्या आतली बाजू, दरवाजाच्या गार्निशखालचा भाग, क्रोमच्या पट्टीखाली, मागच्या सीटखाली, डिकीच्या कारपेटखाली. ऊन आणि पॉलिश तिथवर पोचत नाही. साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने पुसा, रंग घासून चमकवणारं कंपाउंड अजिबात लावू नका. मग मीटर लावा, नाहीतर वर्तमानपत्र धरा.

जुन्या गाडीवर मध्ये दोन-तीन वेळा रंग चढलेला असतो. तुम्ही बघताय तो कारखान्याचाच थर आहे ना, हे एका कोपऱ्यात खात्री करून घ्या. एक छोटा ठिपका १००० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरने) हळूहळू घासला की झाडाच्या वर्तुळांसारखे थर उघडे पडतात. सगळ्यात खालच्या प्रायमरच्या लगेच वरचा रंग तो मूळ.

नमुना सापडला की तो भाग रंगवू नका. सीटखालचा हातभर पत्रा तसाच राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि पुढे कधी वाद झाला तर पुरावा हाताशी असतो. जुन्या वाहनांच्या ‘फिव्हा’ या जागतिक संघटनेने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचाही सूर असाच आहे. जितकं मूळ राखता येईल तितकं राखा, आणि नवं घालाल ते त्या काळाला धरून घाला.

कुठल्या भागाला किती

सगळ्या गाडीला एकच चकाकी देणं ही नवशिक्यांची सर्रास दिसणारी गोष्ट. कारखान्यात बाहेरचा पत्रा वेगळ्या काळजीने रंगवला जाई, आतला वेगळ्या. मूळ नमुना न सापडल्यास मी ६० अंशांवर साधारण असे आकडे धरतो. बाहेरच्या पत्र्याला ७० ते ८०. बॉनेटखालचा आणि डिकीतला पत्रा गाडीच्याच रंगात, पण ५० ते ६०, कारण तिथे कुणी घोटत बसत नसे. चाकांच्या रिमला ४० ते ५०. चॅसिस, ॲक्सल, पाटे आणि कंसांना (ब्रॅकेटना) काळा सॅटिन, २५ ते ४०. डॅशबोर्डचा वरचा भाग पत्र्याचा असेल तर १५ च्या खाली, नाहीतर दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत येऊन डोळ्यांवर तिरीप मारतं. वायपरच्या दांड्यांनाही तेच कारण लागू.

हे आकडे माझे आहेत, कंपनीचे नव्हेत. गाडीत मूळ नमुना सापडला तर तो मानायचा.

यावरून पुढचं कामही ठरतं. बाहेरच्या पत्र्याची चकाकी थोडीशीच उतरवायची आहे, ती घासून उतरते. बाकी सगळीकडे बरीच उतरवायची आहे, तिथे रंगातच मॅटिंग, म्हणजे चकाकी मारणारी पेस्ट, मिसळावं लागतं.

घासून उतरवणं: बाहेरच्या पत्र्यासाठी

रंग पूर्ण वाळू द्या. टू-के पीयू दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, पण आतून तो अजून कच्चा असतो. किमान आठवडाभर थांबा. कच्च्या रंगावर घासलं तर आज ७० दिसलेली चकाकी महिन्याभरात रंग आखडून ५५ वर येते.

गाडी साध्या शाम्पूने धुवा. कडा, बॉडी लाइन आणि दरवाजाचे कोपरे यांवर मास्किंग टेप लावा. रंग तिथे सगळ्यात पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत प्रायमर दिसायला लागतो. बादलीत पाणी घ्या, शाम्पूचे चार थेंब टाका, वॉटर पेपर दहा-पंधरा मिनिटं भिजत घाला.

धुळीचे दाणे किंवा संत्र्याची साल असेल तर आधी १५०० आणि मग २००० नंबर, रबरी ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघा उठतात. एका दिशेने घासा, पुढचा नंबर त्याला आडवा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. मग ३००० नंबरची फोमची चकती, भरपूर पाणी घालून. आता पत्रा सगळीकडे सारखा, दुधाळ आणि मंद दिसेल.

इथपर्यंत कुठलंही गॅरेज असंच करतं. पुढे मात्र पेंटर बफिंगचं मशीन काढतो, आणि तिथेच त्याला थांबवायचं. मशीनने दहा मिनिटांत चकाकी ९० वर जाते. त्याऐवजी बारीक कंपाउंड घ्या आणि हाताने, सुती फडक्याने, लांब सरळ हातांनी घोटा. गोल गोल नको. प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर पुसून मोजा. चकाकी हळूहळू चढत जाते, ७५ ला पोचली की थांबा. त्या काळी लॅकर असंच हाताने घोटत, त्यामुळे दिसणंही त्याच जातीचं येतं. कडेला किंचित मंद, मधे जरा उजळ, हा जो असमानपणा उरतो तो काढायच्या मागे लागू नका.

काही जण राखाडी स्कॉच-ब्राइट फिरवून थेट मंदपणा आणतात. आतल्या, हात न लागणाऱ्या पत्र्याला ते चालतं. बाहेर चालत नाही, कारण घासून आणलेला मंदपणा कायमचा नसतो. हँडलजवळ, खिडकीवर कोपर टेकतो तिथे, बॉनेट दाबून बंद करतो तिथे, महिन्या-दोन महिन्यांत तो भाग पुन्हा गुळगुळीत होऊन चमकायला लागतो आणि गाडी कळकट दिसते. स्टील वूल तर गाडीजवळही आणू नका. त्याचे तुकडे फटींत अडकतात आणि पहिल्या पावसात गंजाचे तांबूस ठिपके उठतात. मेटॅलिक सिंगल स्टेज रंगही घासायचा नाही, चंदेरी कण उघडे पडून डाग दिसतो.

मॅटिंग मिसळणं: बाकी सगळ्यासाठी

मॅटिंग पेस्ट म्हणजे मुख्यतः अतिशय बारीक सिलिका, काहींत मेणाचे कणही असतात. थिनर उडतो तसा रंगाचा थर आकसतो, हे कण वर डोकं काढतात आणि पृष्ठभाग बारीक खडबडीत होतो. हे एकदा समजलं की पुढचे बरेच नियम पाठ करावे लागत नाहीत. थर जाड बसला तर कण आत बुडून राहतात आणि तिथे चमक उरते. पातळ बसला तर जास्त मंद. म्हणून मॅट रंगात गन चालवण्याचा हात हाच निम्मा रंग ठरवतो.

ज्या कंपनीचा रंग, त्याच कंपनीची मॅटिंग पेस्ट किंवा मॅट क्लिअर आणि तोच हार्डनर. दुकानदार ‘सगळं चालतं’ म्हणेल, ऐकू नका. टाल्कम पावडर, मक्याचं पीठ असले घरगुती उपाय कुणीतरी सुचवतंच. ते गुठळ्या धरतात आणि थर कमजोर करतात. थिनर जास्त घालून किंवा गन लांब धरून कोरडा फवारा मारणं हीसुद्धा चलाखी नको. तो रंग मंद दिसतो, पण हाताला खरखरीत लागतो आणि त्यात मळ रुतून बसतो.

आता नमुन्याचे तुकडे करा. ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी, आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी. पत्र्याचे पाच तुकडे घ्या, वहीच्या पानाएवढे, गाडीसारखंच प्रायमर मारलेले. डबा उघडून पेस्ट तळापासून नीट ढवळा, सिलिका खाली घट्ट बसलेली असते. वजनकाट्यावर मोजून पाच छोटी मिश्रणं करा: रंगाच्या वजनाच्या ०, १०, २०, ३० आणि ४० टक्के पेस्ट. ही फक्त सुरुवातीची शिडी आहे, डब्याबरोबरच्या तांत्रिक कागदावर वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. त्याहून जास्त पेस्ट घातली तर रंग खडूसारखा सुटायला लागतो. क्रम असा ठेवा: आधी रंग आणि पेस्ट एकजीव करायचे, मग हार्डनर, शेवटी थिनर. हार्डनरचं प्रमाण पेस्टसह मोजायचं की पेस्ट वगळून, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. कागद वाचा.

तुकड्यांच्या मागे पेन्सिलीने प्रमाण लिहा आणि रंगकाम होणार आहे त्याच जागी, त्याच गनने, तेवढ्याच हवेच्या दाबाने फवारा. पुरते वाळल्यावर उन्हात नेऊन मूळ नमुन्याशेजारी धरा. चकाकी सरळ रेषेत उतरत नाही हे तेव्हा दिसेल. पहिल्या थोड्या पेस्टने काहीच झालेलं वाटत नाही आणि पुढे एकदम घसरण होते. हवा तो आकडा दोन तुकड्यांच्या मधे पडला तर मधल्या प्रमाणाचा आणखी एक तुकडा करा.

याच वेळी छटाही तपासा. चकाकी उतरली की गडद रंग फिका दिसतो, कारण विखुरलेला पांढरा प्रकाश रंगावर पसरतो. काळा करडा होतो, गर्द मरून विटक्या विटेकडे झुकतो. पांढऱ्या किंवा क्रीम रंगात फरक जेमतेम जाणवतो. म्हणून रंग मिसळणाऱ्याला छटा जुळवायला सांगाल तेव्हा चमकत्या नमुन्यावर नको, मंद केलेल्या तुकड्यावर जुळवायला सांगा.

चॅसिस आणि छोट्या कंसांसाठी एवढी यातायात करायची गरज नाही. तयार सॅटिन ब्लॅक पीयू मिळतो, तो घ्या. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डला मात्र उष्णता सोसणारा वेगळा सिलिकॉन रंग लागतो, तो मुळातच मंद असतो आणि इंजिन तापल्यावर पक्का होतो.

फवारताना

संपूर्ण कामाला लागेल एवढा रंग आणि पेस्ट एकदमच मिसळून ठेवा, वर पाव हिस्सा जास्त. दुसऱ्या दिवशी केलेलं मिश्रण पहिल्यासारखं येईलच असं नाही. हार्डनर मात्र वापरायच्या वेळी, लागेल तेवढ्यातच. गाळणी रंगवाल्याची नेहमीची घ्या, फार बारीक जाळी सिलिकाच अडवते. गनच्या भांड्यातला रंग अधूनमधून हलवत राहा.

सुटे केलेले बॉनेट, डिकी आणि दरवाजे गाडीवर असतात त्याच स्थितीत टांगा किंवा ठेवा. आडव्या आणि उभ्या पत्र्यावर रंग वेगळा बसतो.

गन पत्र्यापासून वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर, आणि हात एका वेगाने. चमकत्या रंगात प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवतात, मॅटमध्ये पाऊण चढवा, नाहीतर वाळल्यावर आळीपाळीने चमकदार-मंद पट्टे दिसतात. पहिला हात मध्यम ओला मारा आणि थांबा. सगळा पत्रा एकसारखा मंद होईपर्यंत दुसरा हात मारायचा नाही. हवेनुसार दहा ते वीस मिनिटं, कधी जास्तही. इथे घाई केली तर अडकलेला थिनर नंतर बाहेर पडताना चमकदार ढग सोडून जातो. दुसरा हात पहिल्याला आडवा. हीटर किंवा दिवा लगेच लावू नका, आधी आपसूक मंद होऊ द्या.

शेवटच्या हातानंतर पत्र्याला कुणीही बोट लावायचं नाही. मॅट रंगात पडलेला धुळीचा कण काढता येत नाही. तो घासला की तिथे चमकदार ठिपका उरतो, आणि एका ठिपक्यासाठी आख्खं पॅनल राखाडी स्कॉच-ब्राइटने खरवडून पुन्हा मारावं लागतं. त्यामुळे खोली आदल्या दिवशीच धुऊन, जमीन ओली ठेवून घ्या.

मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे काम काढूच नका. टू-के रंगाचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी बिघडतो, बुडबुडे आणि मंद डाग उठतात. एनसी लॅकर तर दमट हवेत पांढरं पडतं. थिनर झपाट्याने उडताना पत्रा गार होतो आणि त्यावर दव धरतं. हा मंदपणा फुकटात मिळाला म्हणून खूश होऊ नका, तो डागाडागांनी येतो आणि आवरता येत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतची कोरडी हवा सगळ्यात बरी.

छातीचा प्रश्न

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे थोड्याशा संपर्कानेही झटका येतो. त्याचा वास येईलच असं नाही, त्यामुळे नाकावर विसंबता येत नाही. रुमाल, कापडी मास्क, एन-९५ यांचा वाफेपुढे उपयोग नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हा खरा उपाय. तो आणि बाहेर हवा खेचणारा फवारणीचा बूथ नसेल तर घराच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. बूथ असलेल्या गॅरेजला द्या आणि फवारणी चालू असताना आत उभे राहू नका. दम्याचा त्रास असलेल्याने तर टू-के रंगाच्या वाटेलाच जाऊ नये. कोरडी सिलिका पावडर आणि कोरडं घासकाम यांच्या धुळीसाठी मात्र एन-९५ हवाच.

पाहणी

गाडी ताब्यात घेताना ट्यूबलाइटखाली बघून होकार देऊ नका. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात बाहेर काढा. उभे दरवाजे समोरून बघा, बॉनेट मात्र वाकून, वरून बघा. कुठलाही मंद पृष्ठभाग तिरक्या नजरेने चमकतोच, त्यामुळे दुरून पाहिलं तर बॉनेट दरवाजापेक्षा जास्त चमकतंय असं वाटतं आणि पेंटरशी उगाच हुज्जत होते. मीटर असेल तर प्रत्येक पॅनलवर चार-पाच ठिकाणी मोजा. पाचाचा फरक डोळ्याला दिसत नाही, पंधराचा दिसतो.

मंद केलेल्या भागात चकाकी जास्त राहिली असेल तर राखाडी स्कॉच-ब्राइटने घासून पेस्ट वाढवलेला एक हात पुन्हा मारता येतो. फारच उतरली असेल तर पॉलिश करून वर आणायचा मोह होईल, तो टाळा. मॅट रंग पॉलिशने सारखा चमकत नाही, चट्टे पडतात. तिथेही पुन्हा फवारणीच.

कागदपत्रांच्या दोन गोष्टी

गाडीचा रंग बदलत असाल तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. नुसती चकाकी उतरवली तर रंग तोच राहतो. पण जीपवाल्यांनी एक लक्षात ठेवा. मंद ऑलिव्ह ग्रीन हा लष्करी रंग विलिस या मूळ लष्करी जीपच्या वंशाला कितीही शोभत असला तरी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ क्रमांकाच्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुणालाही तो देता येत नाही. खाकी, करडा किंवा मातकट पिवळसर निवडा.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१ पासून तिची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते आणि पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं येतात. त्यासाठी गाडी मूळ रूपात राखलेली असावी लागते, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. रंगवण्याआधी आणि नंतर भरपूर फोटो काढून ठेवा, तपासणीच्या वेळी उपयोगी पडतात.

नंतरची निगा

घोटलेल्या बाहेरच्या पत्र्याला साधा शाम्पू आणि मऊ फडकं. मेण लावायचं असेल तर पातळ, हाताने, वर्षातून एखाद-दोनदा. चकाकी वाढवणारं स्प्रे पॉलिश नको.

मॅट आणि सॅटिन भागांना मेण, पॉलिश, कंपाउंड काहीही लावायचं नाही. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक आणि पेट्रोल लगेच पाण्याने धुवा, खरवडू नका. टायरला लावायचं सिलिकॉनचं पॉलिश रिमवर उडालं की तेलकट चमकदार ठिपके पडतात, तेव्हा टायरला ते फडक्याने लावा, फवारून नको. गाडी सर्व्हिसिंगला देताना बॉनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: ‘पॉलिश करू नये.’ गॅरेजमधला पोरगा प्रेमाने डॅशबोर्ड चमकवून देतो, आणि तो पुन्हा मंद करायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

नमुन्याचे तुकडे फेकू नका. ज्या प्रमाणाचा रंग गाडीवर बसला तो तुकडा, मागे रंगाचा कोड, पेस्टची टक्केवारी, हार्डनर, थिनर, गनची नोझल आणि हवेचा दाब लिहून, आरसीच्या प्रतीबरोबर ठेवा. दोन वर्षांनी कुणी मडगार्डला धक्का दिला की नव्या पेंटरच्या हातात तो तुकडाच द्यायचा.